वर्षाचा बॉक्सर कोण? : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

२०२३ च्या जुलै महिन्यात चार दिवसांच्या अंतराने दोन लढती झाल्या आणि वर्ष सरताना जगभरच्या बॉक्सिंगप्रेमींचे सरळ दोन तट पडले. २५ जुलैला टोकियोत नाओया इनोऊए याने स्टीफन फुल्टनला आठव्या फेरीत गारद केले. २९ जुलैला लास वेगासमध्ये टेरेन्स क्रॉफर्डने एरल स्पेन्सला नवव्या फेरीत थांबवले. फुल्टन आणि स्पेन्स, दोघेही तोवर अपराजित होते. क्रॉफर्ड त्या वर्षी रिंगणात उतरला तो एवढ्या एकाच लढतीसाठी, पण लढत थांबण्याआधी त्याने स्पेन्सला तीनदा खाली पाडले होते. वेल्टरवेट गटाचे चारही प्रमुख जागतिक विजेतेपदांचे पट्टे त्याच्याकडे आले आणि चार पट्ट्यांच्या जमान्यात दोन वजनगटांत निर्विवाद जगज्जेता ठरलेला तो पहिला पुरुष झाला. इनोऊए मात्र तेवढ्यावर थांबला नाही. वरच्या वजनगटात नुकताच आलेला हा माणूस २६ डिसेंबरला पुन्हा उतरला, मार्लन टपालेसला दहाव्या फेरीत हरवून त्यानेही चारही पट्टे जमवले आणि दोन वजनगटांत असा पराक्रम करणारा तो दुसरा ठरला. आता वर्षाचा मानकरी कोण? एका रात्रीत सर्वोच्च उंची गाठणारा, की सहा महिन्यांत दोनदा कसोटीला उतरणारा?

बॉक्सिंगला वाहिलेल्या ‘द रिंग’ मासिकाने इनोऊएला कौल दिला. माझाही कौल त्यालाच आहे. का, ते पुढे येईलच. आधी या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करतो.

वर्षाचा सर्वोत्तम बॉक्सर निवडण्याचा वाद म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, असा समज सर्रास आढळतो. मला तो मान्य नाही. इतिहास, आकडेवारी, नियमांचे ज्ञान आणि न्यायबुद्धी या चारही गोष्टी एकाच वेळी पणाला लावणारे विषय फार थोडे आहेत आणि हा त्यांतला एक आहे. शिवाय त्याला प्रयोगशाळा लागत नाही, मोठे ग्रंथालयही लागत नाही. मेहकरच्या किंवा मलकापूरच्या विद्यार्थ्याला तो तितकाच खुला आहे जितका न्यूयॉर्कच्या पत्रकाराला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज सांगतात. या अभ्यासाची दिशा बरोबर उलटी आहे. सरलेले वर्ष समोर मांडायचे आणि त्याचा अर्थ लावायचा.

सुरुवात ‘वर्ष’ म्हणजे काय, इथूनच करावी लागते. ‘द रिंग’ने हा मान द्यायला १९२८ साली सुरुवात केली आणि पहिला मानकरी ठरला जीन टनी. त्या वर्षी टनी किती वेळा लढला? एकदाच. न्यूझीलंडच्या टॉम हीनीला अकराव्या फेरीत हरवून त्याने निवृत्ती घेतली. म्हणजे या पुरस्काराचा पहिला दाखलाच क्रॉफर्डच्या बाजूने साक्ष देतो. एका लढतीचे वर्षही पूर्ण वर्ष धरता येते, हे तेव्हाच मान्य झाले होते. ज्याला इनोऊएची बाजू मांडायची आहे त्याने हा दाखला लपवून चालणार नाही. तो पुढे ठेवूनच बोलले पाहिजे. माझे म्हणणे असे की, स्पेन्सविरुद्धची रात्र ही त्या वर्षातली सर्वात मोठी रात्र होती, यात वाद नाही. पण इनोऊए आपल्यापेक्षा मोठ्या चणीच्या गटात शिरला, आल्या आल्या अपराजित जगज्जेत्याला नमवून त्याने दोन पट्टे घेतले आणि उरलेल्या दोन पट्ट्यांसाठी त्याच वर्षात पुन्हा धोका पत्करला. वर्षाचा मान द्यायचा तर हा दुसऱ्यांदा पत्करलेला धोका मला जड वाटतो. उद्या कोणी टनीचा दाखला अधिक बारकाईने मांडून माझे मत बदलले, तर मला आनंदच होईल.

मोजपट्टी कोणती, हे ठरवण्याआधी नाव घेतले की काय होते, याचा सर्वात दुःखद नमुना १९६६ चा आहे. त्या वर्षी मुहम्मद अली पाच वेळा आपले विजेतेपद राखायला उतरला आणि पाचही वेळा जिंकला. ‘द रिंग’ने त्या वर्षी कोणालाच मान दिला नाही. तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवावा असा हा माणूस नाही, ही त्यामागची भूमिका होती. ठोशांचा हिशेब मागितला होता आणि उत्तर दिले गेले ते चारित्र्याच्या दाखल्याचे. सुमारे पन्नास वर्षांनी त्याच मासिकाने तो मान अलीला बहाल केला. तरीही १९६६ ची ती रिकामी जागा विसरू नये. मोजपट्टी मध्येच बदलली की न्याय किती उशिरा येतो, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

निकाल एक सांगतो आणि गुणवत्ता दुसरेच, असेही घडते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लाइट-मिडलवेटच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा रॉय जोन्स कोरियाच्या पार्क सी-हुनविरुद्ध उतरला. दूरचित्रवाणीवरच्या मोजणीनुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. पाचपैकी तीन पंचांनी पार्कला विजयी ठरवले. पण त्याच ऑलिंपिकमध्ये सर्वोत्तम शैलीच्या बॉक्सरला मिळणारा व्हॅल बार्कर चषक जोन्सला दिला गेला. रौप्यपदक गळ्यात आणि सर्वोत्तमाचा चषक हातात! हा चषक १९३६ साली पहिल्यांदा दिला गेला तेव्हाही तो कांस्यपदकविजेत्या लुई लॉरीलाच मिळाला होता. १९६८ ला मेक्सिकोत जॉर्ज फोरमनने सुवर्ण जिंकले, चषक गेला केनियाच्या कांस्यविजेत्या फिलिप वारुइंगेकडे. पदकतालिका पाहून वर्षाचा बॉक्सर ठरवणाऱ्यांनी ही तीन नावे पाठ करावीत.

आता आपल्या देशाकडे येऊ. माझ्या मते भारतातल्या या अभ्यासाचा खरा गाभा २००९ च्या खेलरत्नात आहे. त्या वर्षी विजेंदर सिंग, मेरी कोम आणि कुस्तीगीर सुशील कुमार यांना हा मान एकत्र मिळाला. दोन बॉक्सर शेजारी उभे होते. विजेंदरकडे बीजिंगचे कांस्य होते, बॉक्सिंगमधले भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. मेरीकडे तोवर चार जागतिक विजेतेपदे होती : २००२, २००५, २००६ आणि २००८. दोघांत मोठे कोण, असे विचारले की बहुतेक जण ऑलिंपिकचे नाव घेऊन मोकळे होतात. पण महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आले २०१२ ला, लंडनमध्ये. मेरीच्या मुठी कमी पडल्या म्हणून तिच्याकडे तेव्हा ऑलिंपिक पदक नव्हते, असे कोण म्हणेल? दारच बंद होते. ज्या दाराने कोणाला आतच घेतले नाही, त्या दाराच्या आतले यश मोजून त्या व्यक्तीला तोलायचे, हा अन्याय आहे. मला तरी हा प्रश्न या साऱ्या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बुलढाण्यापर्यंत कसा येतो ते आता सांगतो.

वाटेत नागपूरला थोडे थांबावे लागेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या किएल्त्से शहरात युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली. भारताच्या सात मुली अंतिम फेरीत गेल्या आणि सातही सुवर्ण घेऊन आल्या. त्यांत ८१ किलोंवरील गटात नागपूरची अल्फिया पठाण होती. सातांतली सर्वोत्तम कोण? जड वजनगटात मुळात स्पर्धक कमी असतात, म्हणून तिथले सुवर्ण हलके, असा आक्षेप अशा वेळी हमखास येतो. पुढच्याच वर्षी कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात अल्फियाने यजमान देशाच्या लज्जत कुंगेइबायेवाला, माजी जगज्जेतीला, हरवले. आक्षेपाला उत्तर मिळाले खरे, पण मिळाले ते २०२२ मध्ये. नंतरचा पुरावा आधीच्या वर्षाच्या खात्यावर जमा करायचा का? पुरस्कारासाठी नाही, इतिहासासाठी होय, असे माझे मत आहे. पुरस्कार त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला हाती असलेल्या पुराव्यावर द्यावा लागतो. इतिहासकाराला ती सक्ती नाही.

बुलढाण्याचे नाव मैदानावर दूरवर नेले ते धनुष्याने. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्ण जिंकले. चंद्रकांत इलग यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला प्रथमेश जवकार २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक टप्प्यात कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचला. समोर होता जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर. प्रत्येकी पंधरा बाण, पन्नास मीटरवर लक्ष्य आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचे. प्रथमेशने १५० पैकी १४९ घेतले, श्लोसरने १४८. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या एर्मोसियोला वर्षातल्या निवडक तिरंदाजांचा विश्वचषक अंतिम सामना झाला. तिथे उपांत्य फेरीत त्याने श्लोसरला पुन्हा हरवले. अंतिम फेरीत डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी त्याची बरोबरी झाली, आणि एकेका बाणाच्या शूट-ऑफमध्ये रौप्य हाती आले. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश या त्रयीने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे हरवून सांघिक सुवर्ण घेतले.

त्या वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांत तिरंदाजीतून दोन नावे आली : नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी. दोघेही बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेतले जगज्जेते. ओजसने तिथल्या अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारून १५० गुण केले, आणि हांगझोऊत तीन सुवर्णपदके घेतली. मी बुलढाण्याचा, माझा जीव प्रथमेशमध्ये आहे. तरीही २०२३ चा एकच मानकरी निवडायचा तर मी ओजसचे नाव लिहीन. मात्र त्याच कागदावर प्रथमेशची बाजू पूर्ण लिहिल्याशिवाय सही करणार नाही. कारण बॉक्सिंगवाले पहिला प्रश्न विचारतात तो ‘हरवले कोणाला?’ हा. त्या प्रश्नाला प्रथमेशकडे जे उत्तर आहे ते फार वजनदार आहे. जगातल्या पहिल्या क्रमांकाला एका हंगामात दोनदा, आणि दोन्ही वेळा एकेरीत! अर्जुन पुरस्कार तर एका वर्षाचा हिशेब करतही नाही, तो चार वर्षांची कामगिरी पाहतो. मग त्याची चर्चा करताना आपणही एका वर्षाचीच भाषा बोलत राहतो, ती का?

आणि २००९ मध्ये मेरीसमोर असलेले बंद दार इथेही आहे. प्रथमेश, ओजस, अदिती हे तिघेही कंपाउंड धनुष्याचे, आणि २०२४ च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये जागा होती ती फक्त रिकर्व्ह या दुसऱ्या प्रकारच्या धनुष्याला. बॉक्सिंगचा ऑलिंपिकपटू आणि कंपाउंडचा जगज्जेता एकाच यादीत आले की निवड समिती कोणत्या तराजूने तोलणार, हा प्रश्न दरवर्षी उभा राहणारच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. एकेरीला तिथेही जागा नाही. म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री एवढ्यांनाच दार उघडेल, आणि त्याच देशाचा तिसरा, कदाचित त्या वर्षी एकेरीत सर्वांना भारी पडलेला तिरंदाज, घरी राहील.

नव्या अभ्यासकाने अशीच एक यादी करून कामाला लागावे. २०२३ चे विदर्भातले खेळाडू घ्यावेत, प्रत्येकाने त्या वर्षी कोणाला, कुठे, किती फरकाने हरवले ते तारखेनिशी लिहावे आणि आपली मोजपट्टी पहिल्या ओळीत मांडावी. नाव शेवटच्या ओळीत लिहावे, आणि मग ते मला पाठवावे. माझ्या निवडीशी ते जुळले नाही तर वाद घालायला मी तयार आहे.