बुधवारची संध्याकाळ आणि शिडांची शर्यत

कार्यालय सुटले की घरची वाट धरावी, हा जगभरचा रिवाज. मात्र अमेरिकेच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवरील अनेक बंदरांत आठवड्यातील एका संध्याकाळी काही मंडळी घराऐवजी धक्क्याकडे वळतात, कपडे बदलतात आणि शिडाच्या नौकांवर चढून दीड-दोन तासांची शर्यत खेळतात. पारितोषिक म्हणावे तर फारसे नसते. प्रेक्षकांकडून तिकीट घेतले जात नाही. तरीही नौकानयनाच्या खेळाचा खरा पाया या शर्यतींनीच घातला, असे जाणकार मानतात. इंग्रजीत त्यांना गमतीने ‘बिअर कॅन रेस’ म्हणतात. पुढच्या नौकेवरून पाण्यात पडलेल्या रिकाम्या डब्यांचा माग काढीत मागच्यांनी मार्ग शोधावा, असा या नावामागचा विनोद सांगितला जातो.

या प्रथेचे ठळक उदाहरण म्हणजे मेरीलँड राज्याची राजधानी अ‍ॅनापोलिस. चेसापीक उपसागराच्या काठावरील हे शहर अमेरिकी नौदलाच्या प्रबोधिनीमुळे सर्वज्ञात आहे. १८४५ साली स्थापन झालेली ही प्रबोधिनी सेव्हर्न नदीच्या मुखाशी उभी आहे. येथील अ‍ॅनापोलिस यॉट क्लबच्या बुधवारच्या शर्यती एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत चालतात. नौका नदीच्या रुंद पात्रात सुटतात आणि स्पा क्रीक या अरुंद खाडीत, क्लबच्या इमारतीसमोर शर्यत संपवतात. खाडीवरील उघडणारा पूल आणि पलीकडचा ईस्टपोर्टचा काठ यांमुळे प्रेक्षकांना शेवटची चुरस हाताच्या अंतरावरून दिसते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथेही बुधवारच्याच संध्याकाळी अशा शर्यती होतात. ‘वेट वेन्सडे’, म्हणजे ‘ओला बुधवार’, हे त्यांचे नाव.

उजेडाचे गणित

कामाच्या दिवशी शर्यत होऊ शकते ती लांबलेल्या दिवसामुळे. अ‍ॅनापोलिस सुमारे ३९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यातच उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यामुळे जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. सहाच्या आसपास पहिला इशारा झाला, तरी शर्यत पुरी करून उजेडातच परतता येते. जसजसा ऑगस्ट सरतो, तसतसा हा वेळ आक्रसत जातो आणि हंगाम आपोआप संपतो.

प्रारंभाची पाच मिनिटे

शिडाची नौका धावपटूप्रमाणे रेषेवर थांबू शकत नाही. म्हणून प्रारंभ चालत्या नौकांनिशीच होतो. पंचांची नौका आणि एक बोया यांच्यामधील काल्पनिक रेषा ही प्रारंभरेषा. पाच मिनिटे आधी गटाचा ध्वज चढतो आणि आवाज होतो. चार मिनिटे असताना दुसरा ध्वज चढतो, एक मिनिट उरले की तो उतरतो आणि शून्यावर गटाचा ध्वज उतरताच शर्यत सुरू होते. या पाच मिनिटांत सर्व नौका रेषेमागे घिरट्या घालतात. क्षणभर लवकर रेषा ओलांडली, तर मागे येऊन पुन्हा सुटावे लागते. उशीर झाला, तर पुढच्यांच्या शिडांनी अडवलेला, गढुळलेला वारा वाट्यास येतो. शर्यत पुष्कळदा येथेच जिंकली वा हरली जाते.

वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. त्यामुळे वरच्या बोयाकडे जाताना तिला नागमोडी मार्ग धरावा लागतो. वारा कोठे वळेल, ओहोटीचा जोर कोठे कमी असेल, हे ओळखून कोणत्या बाजूने जायचे ते ठरवणे, हीच या खेळातील बुद्धीची कसोटी. परतीच्या वाटेवर वारा पाठीशी असतो. तेव्हा काही नौका ‘स्पिनेकर’ हे फुग्यासारखे रंगीत शीड उभारतात. नवख्यांच्या सोयीसाठी स्पिनेकरविना धावणाऱ्या नौकांचा वेगळा गटही अनेक ठिकाणी असतो.

नियम मोजके, शिस्त स्वतःची

या शर्यतींना ‘वर्ल्ड सेलिंग’ या जागतिक संघटनेचे नियम लागू असतात. दर चार वर्षांनी त्यांत सुधारणा होते. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ या काळासाठी आहे. पुस्तक जाडजूड असले, तरी नित्याचे नियम तीन. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेला डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेने वाट द्यावी. दोघींचा वारा एकाच बाजूने येत असून त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडील नौकेने बाजूला राहावे. मागून येणाऱ्या नौकेने पुढच्या नौकेपासून दूर राहावे. चूक झाली, तर शिट्टी फुंकणारा पंच नसतो. चूक करणाऱ्याने स्वतःहून नौका दोनदा गोल फिरवून शिक्षा भोगायची. बोयाला स्पर्श झाला असेल, तर एकदा. वाद उरलाच, तर किनाऱ्यावर तक्रार ऐकली जाते. प्रतिस्पर्ध्याच्या प्रामाणिकपणावर इतका विसंबणारा खेळ विरळाच.

नौका लहान-मोठ्या असल्याने निकालासाठी हँडिकॅपचा आधार घेतात. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘पीएचआरएफ’ पद्धतीत प्रत्येक नौकेला दर सागरी मैलामागे ठरावीक सेकंद मिळतात. समजा, एका वेगवान नौकेचा आकडा ९० आणि संथ नौकेचा १८० आहे. पाच सागरी मैलांच्या शर्यतीत संथ नौकेला ४५० सेकंदांची, म्हणजे साडेसात मिनिटांची सवलत मिळेल. त्यामुळे सर्वांत आधी पोहोचणारी नौका विजयी ठरेलच असे नाही. एकाच बनावटीच्या नौकांच्या गटात मात्र जो पुढे, तो पहिला. १९७७ पासून तयार होत असलेली २४ फुटी ‘जे-२४’ ही अशा नौकांपैकी एक प्रसिद्ध नौका. तिच्यावर साधारणतः पाच जण असतात.

नवख्याला येथे प्रवेश सुलभ असतो, यामागेही व्यावहारिक कारण आहे. जोराच्या वाऱ्यात कलणाऱ्या नौकेला सावरण्यासाठी वाऱ्याकडच्या कडेवर माणसांचे वजन लागते आणि आठवड्याच्या मध्यावर माणसे कमी पडतात. नौका विकत घेणे खर्चाचे असले, तरी दुसऱ्याच्या नौकेवर हात लावण्यास पैसा लागत नाही. वेळेवर येणे, सांगितलेला दोर सांगितल्या वेळी ओढणे आणि शेवटी शिडांच्या घड्या घालण्यास थांबणे, एवढी शिदोरी पहिल्या दिवसाला पुरते.

हलके घेऊ नये असा भाग

‘गमतीची शर्यत’ या शब्दांनी फसगत होऊ शकते. चेसापीकवर उन्हाळ्यात दुपार कलताना वादळी ढग जमतात आणि शर्यतीची वेळ नेमकी तीच. २५ एप्रिल २०१५ रोजी अलाबामातील मोबाईल उपसागरात डॉफिन आयलंडची शर्यत सुरू होती. तीही अशाच हौशी खेळाडूंची, मात्र शनिवारची. अकस्मात आलेल्या वादळात सहा जणांनी प्राण गमावले. म्हणूनच पंचांना शर्यत पुढे ढकलण्याचा, मार्ग कमी करण्याचा वा ती रद्द करण्याचा अधिकार असतो आणि त्यासाठी स्वतंत्र ध्वज ठरलेले आहेत. पिवळे-तांबडे पट्टे असलेला ‘वाय’ ध्वज चढला, तर प्रत्येकाने जीवनरक्षक जाकीट घालणे बंधनकारक ठरते. मात्र शर्यतीत उतरायचे की नाही, याची जबाबदारी नियमांनी नौकेवरच टाकली आहे, पंचांवर नाही. संकटातील माणसाला मदत करणे हा तर पुस्तकातील अगदी पहिला नियम. त्यापुढे पहिला क्रमांक गौण ठरतो.

बंदर केवळ शर्यतीचे नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. शर्यतीबाहेरच्या जहाजांशी गाठ पडली, की समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. अरुंद जलमार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट शिडाच्या नौकेने अडवायची नसते.

मुंबईत रविवार का?

मुंबईच्या बंदरातही शिडाच्या शर्यतींची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. पण येथील शिडे मुख्यतः शनिवार-रविवारी फुलतात. त्याचे कारण आळसात नसून आकाशात आहे. जून ते सप्टेंबर हा मोठ्या दिवसांचा काळ पावसाळ्यात जातो. उरलेल्या हंगामात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मे महिन्यातही सात वाजून काही मिनिटांनी. कार्यालय सुटून, गर्दीतून वाट काढीत गेटवे गाठेपर्यंत उजेड सरलेला असतो. शिवाय दुपारी समुद्रावरून येणारा खारा वाराही अंधार पडू लागला की मंदावतो.

अर्थात, या प्रथेतून घेण्याजोगी गोष्ट घड्याळाशी बांधलेली नाही. ठरलेला वार, छोटा मार्ग, नवख्याला जागा आणि चूक स्वतः कबूल करण्याची रीत, एवढ्यावर एखादा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतो. शर्यत संपल्यावर धक्क्यावर दोर गुंडाळताना ‘तू तेव्हा वळायला नको होतेस’ ही चर्चा रंगते आणि पुढचा बुधवार येईपर्यंत ती पुरते.