मंदाकिनी आणि कृष्ण

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाची चर्चा बहुधा कालियाबरोबरच्या झुंजीपाशीच थांबते. मला त्याच्या आरंभीचे व्यक्तिचित्र अधिक मोलाचे वाटते. फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी केवळ चेहऱ्याने एकेक भाव दाखवते. मग तो चेहरा हळूहळू विरत जातो आणि त्याच जागी कृष्णवेषातली ती उमटते.

त्या काळी असे विलयन कॅमेऱ्यातच साधत. भिंगाचे छिद्र मिटवत अंधार करायचा, फिल्म मोजून मागे फिरवायची आणि त्याच पट्टीवर छिद्र उघडत दुसरे चित्रण करायचे. हिशेब चुकला की दोन्ही चित्रणे वाया! बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या, गोध्र्यास स्टुडिओ चालवलेल्या माणसाची ही हातोटी.

मात्र तिला निव्वळ ‘चमत्कृती’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. फसवायचेच असते, तर फाळक्यांनी मुलगी आधी दाखवलीच नसती. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघेही अण्णा साळुंकेच होते, पण तिथे पात्रांआडचा नट असा वेगळा समोर येत नाही. इथे कृष्णाला हात जोडण्यापूर्वीच प्रेक्षकाने त्या मुलीला डोळे भरून पाहिलेले असते.