कंट्री आणि हिप-हॉप : एकाच मातीतले दोन प्रवाह

अमेरिकेतील लोकप्रिय संगीताची चर्चा निघाली की कंट्री आणि हिप-हॉप ही दोन विरुद्ध टोके मानली जातात. एक दक्षिणेकडील गोऱ्या श्रमिकांचे, गिटार आणि फिडलच्या साथीने गायिले जाणारे. दुसरे महानगरातील कृष्णवर्णीय तरुणांचे, यंत्रातून वाजणाऱ्या ठेक्यावर बोलले जाणारे, असा सर्वसाधारण समज आहे. या समजात तथ्य आहे, पण ते अर्धेच. या दोहोंमधील भिंत सुरांपेक्षा बाजारपेठेने अधिक उंच केली, असे त्यांचा इतिहास सांगतो.

उगम

ब्रिटन व आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांची कथागीते आणि फिडलवादन दक्षिणेकडील डोंगराळ भागात रुजले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या तंतुवाद्यांतून घडलेला बँजो तेथेच त्याला मिळाला. नॅशव्हिलच्या रेडिओ केंद्रावरून १९२५ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने गाजला. १९२७ मध्ये टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे राल्फ पिअर यांनी जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कंट्री हा मोठा व्यवसाय होण्याचा मार्ग खुला झाला.

हिप-हॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ हा मानला जातो. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीत बहिणीने योजलेल्या मेजवानीत जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने तबकड्या वाजविल्या. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा नाचणाऱ्यांना सर्वाधिक आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवून तो हा तुकडा लांबवू लागला. या ठेक्यावरच पुढे रॅपचे शब्द उभे राहिले.

साम्य

दोन्ही प्रकारांत कथेला आणि शब्दांना मोठे स्थान आहे. गरिबी, दारू, तुरुंग, आई, गाव किंवा वस्ती हे विषय दोन्हीकडे आढळतात. जॉनी कॅशने १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायिलेली गाणी आणि ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचे १९८२ मधील ‘द मेसेज’ या दोहोंनी प्रतिष्ठित समाज ज्यांच्याकडे पाठ फिरवितो, अशांच्या जगण्याला वाचा दिली. कलावंत ‘अस्सल’ आहे की नाही, त्याने हे आयुष्य भोगले आहे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडचे रसिक सारख्याच आग्रहाने विचारतात.

भेद

कंट्रीचा आधार चाल आणि स्वरसंगती, तर रॅपचा आधार ठेका, यमक आणि बोलण्याची लय. कंट्रीत वाद्ये वाजविणारे वादक लागतात. हिप-हॉपमध्ये जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडाच वाद्य होतो. त्यामुळे स्वामित्वहक्काचे वाद हिप-हॉपच्या वाट्याला अधिक आले. नॅशव्हिलमध्ये गीतलेखन हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि दुसऱ्याचे गीत गाण्यात गायकाला कमीपणा वाटत नाही. रॅपरने मात्र स्वतःच्या ओळी स्वतःच लिहाव्यात, अशी अपेक्षा असते.

भिंत कोणी बांधली?

१९२०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ अशा वेगळ्या याद्या केल्या. प्रत्यक्षात देवाणघेवाण चालूच होती. ए. पी. कार्टर यांच्यासोबत गाणी गोळा करीत हिंडणारे लेस्ली रिडल कृष्णवर्णीय होते. हँक विल्यम्सला गिटारचे धडे देणारे रूफस पेन आणि ‘ऑप्री’च्या आरंभकाळातील लोकप्रिय हार्मोनिकावादक डेफोर्ड बेली हेही कृष्णवर्णीयच. तरीही कंट्रीची प्रतिमा गोरी झाली आणि पाच दशकांनंतर आलेल्या रॅपला जन्मापासूनच दुसऱ्या कप्प्यात बसविले गेले.

२०१९ मध्ये ही भिंत पुन्हा चर्चेत आली. लिल नास एक्सचे ‘ओल्ड टाऊन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून वगळले. मात्र सर्वसाधारण यादीत ते १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. २०२४ मध्ये शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या कंट्री आणि हिप-हॉप यांचा मेळ घालणाऱ्या गाण्याने त्या १९ आठवड्यांशी बरोबरी केली. त्याच वर्षी बियॉन्से ही कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. २०२५ मध्ये तिच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला, त्याआधी नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांसाठी मात्र त्याला एकही नामांकन नव्हते.

एखाद्या गाण्यावर कोणती चिठ्ठी लागते, हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न नाही. ते कोणत्या रेडिओवर वाजणार, कोणत्या पुरस्काराच्या स्पर्धेत उतरणार आणि त्याचा पैसा कोणाकडे जाणार, हे त्या चिठ्ठीवर ठरते.