चप्पल सारखी निसटते, पायाची बोटं वाकत चालली आहेत? कारण मज्जातंतूंमध्ये असू शकतं

चालताना चप्पल पायातून निसटते. सपाट रस्त्यावरही ठेच लागते. पाय सारखा मुरगळतो. तळव्याला घट्टे पडलेत आणि बोटं हातोडीसारखी खाली वळलीत. अशा वेळी घरातून पहिलं वाक्य येतं, "जरा नीट बघून चालत जा." मग चप्पल बदलली जाते, तेल लावून मालिश होते आणि वर्षं निघून जातात.

हे सगळं दोन्ही पायांत आणि हळूहळू वाढत असेल, तर मज्जातंतूंची तपासणी करायला हवी. असे पाय करणारा एक आनुवंशिक आजार आहे, शार्को-मारी-टूथ. थोडक्यात सीएमटी.

नावात 'टूथ' का?

दाताशी याचा काही संबंध नाही. १८८६ मध्ये फ्रान्सचे ज्याँ-मार्टिन शार्को व पिएर मारी आणि इंग्लंडचे हॉवर्ड हेन्री टूथ या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. त्यांचीच नावं त्याला मिळाली. साधारण २,५०० जणांमागे एकाला तो असतो, असा अंदाज सांगितला जातो. अमेरिकन गायक अॅलन जॅक्सन यांनी २०२१ मध्ये आपल्याला सीएमटी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

पाय वाकडा का होतो?

मज्जातंतूंवर विजेच्या वायरसारखं वेष्टन असतं. सीएमटीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात पीएमपी-२२ या जनुकाची एक प्रत जास्त असते आणि हे वेष्टन बिघडतं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. सगळ्यात लांब तंतू पावलांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. हातांचा नंबर बऱ्याचदा नंतर लागतो.

पाऊल वर उचलणारे आणि बाहेरच्या बाजूला वळवणारे स्नायू आधी कमजोर होतात. त्यांच्या विरुद्ध दिशेने काम करणारे स्नायू मात्र ताकद टिकवून असतात आणि पाऊल आपल्याकडे ओढत राहतात. कमान उंच होते, टाच आत झुकते, बोटं वाकतात. सगळं वजन टाचेवर आणि बोटांमागच्या छोट्या जागेवर येतं. घट्टे आणि कुरुपं तिथेच होतात.

आधी काय तपासायचं?

सगळेच वाकडे पाय सीएमटीचे नसतात. आपल्याकडे कुष्ठरोग, मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता आधी तपासावी लागते, कारण त्यांवर उपचार आहेत. त्वचेवर बधिर चट्टा असेल किंवा एकाच बाजूचं पाऊल लुळं पडलं असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी टाळू नका. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र पायाचं नुकसान कायमचं राहू शकतं.

सीएमटीसाठी डॉक्टर 'एनसीव्ही' म्हणजे तंतूंमधून संदेश किती वेगाने जातो ही चाचणी करतात. गरजेनुसार जनुकीय चाचणीही होते.

दुखणं कसं आवरायचं?

दुखणं दोन प्रकारचं असतं. एक वाकलेल्या सांध्यांचं आणि दाबाचं. ते योग्य बूट, मापाचे इनसोल आणि विश्रांतीने कमी होतं. दुसरं तंतूंचं, म्हणजे जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखं. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

रोजच्या जगण्यात हे लक्षात ठेवा:

- अंगठ्याची चप्पल टाळा. टाचेमागे पट्टा असलेली सँडल किंवा पुढून रुंद बूट घ्या.
- पाऊल लोंबत असेल तर एएफओ नावाचा प्लास्टिकचा आधार मिळतो. तो बुटात बसतो, त्यामुळे घरात वापरण्यासाठी वेगळा जोड ठेवा.
- कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅप लावू नका. बधिर पायाची जखम कळत नाही आणि चिघळते.
- पाय शेकण्याआधी पाण्याची ऊब कोपराने तपासा. रोज रात्री तळवे बघा.
- पोटरी आखडली की उकिडवं बसणं अवघड होतं. कमोड आणि भिंतीला पकडायला दांडी लावून घ्या.
- पोटरी ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. मुरगळलेला पाय कुणाकडूनही ओढून घेऊ नका.

ऑपरेशनने बरं होतं का?

आजार बरा होत नाही, पाऊल सरळ करता येतं. पाऊल अजून लवचिक असेल तर ताकदवान स्नायूची दोरी दुसरीकडे जोडतात. ताठर झालं असेल तर हाड कापून दिशा बदलावी लागते. म्हणून वेळेत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणं महत्त्वाचं. आणखी एक, कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सीएमटी असलेल्यांना घातक ठरू शकतं. कुठल्याही उपचाराआधी आजाराचं नाव सांगा.

लग्नाचं काय?

हा आजार शिवल्याने पसरत नाही. त्याच्या नेहमीच्या प्रकारांत आई किंवा वडील, कुणाकडूनही तो येऊ शकतो आणि प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी. कधी घरात कुणालाच नसताना नव्यानेही होतो. त्यामुळे सुनेला दोष देण्यात अर्थ नाही. काही प्रकारांत मात्र दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होणाऱ्या घरांत ही शक्यता वाढते. लग्नाआधी जनुकीय समुपदेशन घेता येतं. ते लपवण्यापेक्षा खूप बरं.

जायचं कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, गारखेडा भागातल्या रुग्णांसाठी सरकारी पर्याय म्हणजे घाटी रुग्णालय. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे. अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मोफत होते. मूल वारंवार पडत असेल तर तिथे सांगा.

चालण्यातला अडथळा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं, तर सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांच्या आरक्षणासाठी पात्र ठरता. तपासणीला जाताना जुने रिपोर्ट, एनसीव्हीचा अहवाल आणि रोज वापरातली चप्पल सोबत न्या. तिचा तळ कोणत्या बाजूने झिजलाय, यावरून डॉक्टरांना बरंच कळतं.