पोवळ्याची बेटे आणि तगरच्या गाड्या

मराठवाड्याला समुद्र नाही, हे वाक्य आमच्या भागातील साहित्यचर्चेत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते भूगोलाविषयीचे विधान आहे की स्वभावाविषयीचे, असा प्रश्न कुणाला पडत नाही. कोकणच्या लेखकाच्या वाट्याला गाज आणि आमच्या लेखकाच्या वाट्याला अवर्षण, अशी वाटणी नांदेड-लातूरच्या वर्गांतून वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. या वाटणीच्या आड येणारी एक लहानशी पण टणक वस्तू मात्र आपल्याच भाषेत पडून आहे. ती म्हणजे पोवळे.

संस्कृत 'प्रवाल' या शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर असा आहे. प्राकृतात त्याचे 'पवाल' झाले आणि मराठीत 'पोवळे'. शब्द अगदी घरचा. वस्तू मात्र दूरची. दागिन्यात बसणारे, घासून चकाकी घेणारे जे लाल पोवळे प्राचीन बाजारांत फिरत होते, ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. लक्षद्वीपची बेटे ज्या प्रवाळांनी रचली, ते वेगळे. हे लाल पोवळे पाण्याखालच्या कड्यांच्या सावलीत, कपारींत वाढते, आणि ते इतक्या संथपणे की वर्षाकाठी त्याची जाडी एका मिलिमीटरचा अंशच काय तो भरते.

ते कुठे सापडते, याची नोंद रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने इसवी सन ७७ च्या सुमारास आपल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात करून ठेवली आहे. सर्वांत नावाजलेले पोवळे गॉलच्या आखातात स्टोइखाडीस बेटांभोवती मिळते. त्याखेरीज सिसिलीजवळच्या एओलियन बेटांभोवती आणि द्रेपाना येथे, असे तो सांगतो. 'स्टोइखाडीस' म्हणजे ओळीने मांडलेली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोरची पोर्केरोल, पोर-क्रो आणि लव्हाँ ही ती बेटे. आज तिथे पर्यटक पुळणीवर पहुडतात, आणि पोर-क्रोभोवती १९६३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. दुसरा द्वीपसमूह ज्वालामुखींचा. लिपारी, व्हल्कानो, स्ट्राँबोली ही त्यातली ठळक नावे.

परंतु प्लिनीने पुढे जे लिहिले आहे, ते आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. रोमन स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे, असे त्याचे निरीक्षण आहे. भारतातले पुरोहित आणि भविष्यवेत्ते ते संकटनिवारणासाठी वापरतात, हेही तो नोंदवतो. पूर्वी गॉलचे लोक तलवारी, ढाली, शिरस्त्राणे पोवळ्याने मढवीत. आता या मागणीपायी ते जिथे उगवते तिथेच दिसेनासे झाले आहे, अशी त्याची खंत. म्हणजे एका खंडातल्या हौसेने दुसऱ्या खंडातल्या बेटांचा तळ खरवडला जाण्याची ही कथा दोन हजार वर्षांची आहे, आणि तिच्यात खरवडणारा गिऱ्हाईक आपण आहोत. वसाहतवादाच्या चर्चेत आपल्याला नेहमी दुसऱ्या बाजूला उभे राहण्याची सवय असल्याने हे थोडे अवघड वाटते, इतकेच.

हे पोवळे दख्खनेत येण्याची वाट 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत दिसते. बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य, तांबे, कथील, शिसे यांच्याबरोबर पोवळेही आहे. त्याच ग्रंथात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत: पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर. या ठिकाणांहून धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला जाई. पैठणचे रंगीत दगड, तगरचे कापड. परतीच्या गाड्या रिकाम्या येत असतील, असे मानणे आम्हाला कठीण जाते.

तगर म्हणजे कोणते गाव, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. कुणी जुन्नर म्हटले, कुणी धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर हे नाव मांडले आणि ते मान्य झाले. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे, गोरोबाकाकांचे तेर. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. गंमत अशी, की उत्तर कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवीत. समुद्रकाठच्या राजाने तेरणेकाठच्या गावावरून आपली प्रतिष्ठा सांगावी, ही गोष्ट उपरोक्त वाटणीत कुठेच बसत नाही.

तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. त्याआधी आणि नंतरही गावातले रामलिंगप्पा लामतुरे शेतांतून, पांढरीतून निघालेल्या वस्तू जिवापाड जमवत राहिले. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तिथे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांना थेट इटलीत नेते, कारण तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडली होती. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही तिचे एक भावंड मिळाले. पाँपेईची मूर्ती म्हणून मराठवाड्यात घडली असावी, असे काहींचे मत आहे. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, तेव्हा हा निकाल घाईने देऊ नये. पाँपेई गाडले गेले ते इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात. पोवळ्याची नोंद करणारा प्लिनी त्याच उद्रेकात, जवळच्याच किनाऱ्यावर मरण पावला.

रोमन संबंधांचा उत्साह आवरता घेणेही आवश्यक आहे. भारतात सापडलेले कुंभांचे कित्येक तुकडे पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभांचे मानले जात. रोबर्टा टोम्बर यांच्या अभ्यासानंतर त्यांतले बरेच मेसोपोटेमियाकडचे ठरले. मालाचा प्रवास सरळ रेषेत होत नसतो. त्यात अरब असतात, इराणी असतात, भडोचचे दलाल असतात आणि निनावी गाडीवान असतात.

उलट दिशेनेही बेटे पाहिली गेली होती. 'पेरिप्लस'चा कर्ता कल्याण, चौलच्या पुढे दक्षिणेस येताना आपल्या किनाऱ्यासमोरची बेटे ग्रीक वळणाच्या नावांनी मोजतो आणि इथे चाचे आहेत, असा इशारा देतो. त्याची 'सेसेक्रियेनाय' बेटे म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक, असे बहुधा मानले जाते.

पोवळ्याचा व्यापार रोमबरोबर बुडाला नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे गोव्याला पाठवून बदल्यात हिरे मागवीत. एकोणिसाव्या शतकात व्हेसुव्हियसच्याच पायथ्याचे तोरे देल ग्रेको हे गाव पोवळ्याच्या कारागिरीचे मोठे केंद्र झाले, आणि आजही ते तसेच ओळखले जाते. लातूरच्या सराफ्यात मंगळासाठी अंगठी करायला जाणाऱ्या गिऱ्हाइकापुढे सराफ दोन पुड्या उलगडतो, आणि त्यातली महागडी पुढे सरकवत सांगतो, "हे इटालियन पोवळं आहे."