तुटलेल्या देहाची रेघ

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अजिंठ्याशी असलेले गावाचे नाते मात्र सहसा कोणी सांगत नाही. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करी. पाचव्या शतकात त्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. 'मरणासन्न राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र तेथलेच. मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत. दुःख काठोकाठ भरले आहे, पण देह अखंड आहे.

असली चित्रे पाहण्याची सवय असलेला आपला रसिक तैयब मेहतांच्या चित्रापुढे बिचकतो. सपाट रंगावर हात एकीकडे, धड दुसरीकडे, तोंड वासलेले, आणि सगळ्याला छेदून जाणारी एक तिरकी रेघ! 'ह्यांना माणूस काढता येत नव्हता की काय?' येत होता हो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९५२ साली घेतली होती.

मग देह मोडला कशाने? १९४७ च्या दंगलीत महंमदअली रस्त्यावरील घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका तरुणाचा जीव घेताना पाहिले. त्या धक्क्याने ते तापाने फणफणले, आणि ते दृश्य मनातून कधीच गेले नाही. पण वाचकहो, त्यांनी पुढे ना सुरा रंगवला, ना जमाव. खाली कोसळणारा माणूस आला, पाय बांधलेला बैल आला. वांद्र्याच्या कत्तलखान्यातला तो बैल त्यांच्या १९७० च्या 'कूडल' या लघुपटातही आहे. १९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे बार्नेट न्यूमनच्या पटांवर रंग नुसता रंग म्हणून उभा राहिलेला त्यांना दिसला. परतल्यावर १९६९ च्या सुमारास ती तिरकी रेघ उमटली.

ही सारी पश्चिमेची उसनवारी, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सपाट रंग तिकडून आला असेल. रेघेला धार मात्र त्या खिडकीखालच्या रस्त्याने दिली. सुऱ्याचे काम ती रेघच करते. मारणारा कोण, मरणारा कोण, हे चित्र सांगत नाही. आपला डोळाच तुकडे जुळवू पाहतो आणि जुळत नाहीत.

पुढे नव्वदीच्या दशकात त्यांनी महिषासुर रंगवला. नवरात्रात आपण पुजतो त्या मूर्तीत देवी वर आणि दैत्य पायाखाली असतो. तैयबांच्या पटावर दोघे एकमेकांत असे गुंतले आहेत की कोणता हात देवीचा आणि कोणता महिषाचा, हे चटकन सांगता येत नाही.