कवडी, बदाम आणि चामड्याचे दाम

लक्ष्मीपूजनाच्या तबकात रुपये मांडताना कित्येक घरांत शेजारी एखादी कवडीही ठेवतात. एरवी 'कवडीमोल', 'कवडीचुंबक' असे कुणाला हिणवायचे असले म्हणजेच तिची आठवण व्हायची. पण वर्षातून एकदा तिला रुपयाच्या पंगतीला बसवणाऱ्या या रिवाजामागे बराच इतिहास आहे.

नाणी जमवणाऱ्यांत दोन जाती असतात. एकाला सोन्याचा होन हवा, मोहर हवी. त्याच्या शौकाला पैसाही तेवढाच लागतो. दुसऱ्याचे डोळे चमकतात ते भलत्याच वस्तूचे नाणे पाहून. आमचा ओढा या दुसऱ्यांकडे. त्यांच्या पेटीत सातवाहनांची शिशाची नाणी असतात, पैठण-नेवाशाच्या मातीतून निघालेली, काळपट आणि ओबडधोबड. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा १९४३ साली सरकारने काढलेला भोकाचा पैसा असतो. त्याच सुमारास काही संस्थानांनी सुटे म्हणून चालवलेले जाड पुठ्ठ्याचे तुकडेही असतात. आणि पेटीवाला भाग्यवान असेल तर १९२०-२१ साली जर्मनीत मायसेनच्या कारखान्यात भाजलेले तपकिरी मातीचे गुळगुळीत नाणेही असते. ही नाणी इतकी देखणी निघाली की लोकांनी ती बाजारात न नेता घरीच जपून ठेवली. नाण्याने फार सुंदर असणे हाही एक दोषच म्हणायचा!

गुजरातेतल्या बदामाला हा धोका नव्हता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने लिहून ठेवले आहे की, गुजरातेत चिल्लर म्हणून बदाम चालत आणि एका पैशाला पस्तीस ते चाळीस मिळत. हे बदाम इराणातल्या लार प्रांतातून येत आणि विलक्षण कडू असत. त्यांचा कडूपणा हीच त्यांची तिजोरी. गोड बदाम असते तर घरातल्या पोरांनी संध्याकाळपर्यंत सगळी शिल्लक फस्त केली असती.

खाऊन संपवणाऱ्यापासून नाणे वाचवता येते. बनावट करणाऱ्यापासून वाचवणे कठीण. देवगिरीला दौलताबाद करून तिथे राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास पितळेची आणि तांब्याची नाणी काढली व ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत असे फर्मान सोडले. त्यांतली काही दौलताबादच्याच टाकसाळीत पडली. कल्पना मूर्खपणाची मुळीच नव्हती. आपण खिशात बाळगतो त्या नोटेचीच ती आजी. पण पितळ ठोकणे कुणालाही जमत होते. घरोघर टाकसाळी निघाल्या, असे त्या काळचा इतिहासकार बरनी सांगतो. शेवटी सुलतानाने नाणी परत घेऊन खरी चांदी मोजून दिली आणि तुघलकाबादेत पितळेचे ढीग पडले. लोक त्याला वेडा म्हणतात, पण दिलेला शब्द त्याने खजिना रिकामा करून पाळला. अशी वेडे कमीच.

चामड्याच्या नाण्यांची गोष्ट मात्र ऐकावी आणि सोडून द्यावी. १५३९ साली चौशाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडत असता एका भिस्त्याने त्याला वाचवले, पुढे बादशहाने त्याला औटघटकेचे तख्त दिले आणि त्या मुदतीत भिस्त्याने पखाली कापून चामड्याचे दाम चालवले, अशी ती कथा. भिस्त्याला तख्त दिल्याचे हुमायूनच्या बहिणीने, गुलबदन बेगमने लिहिले आहे. चामड्याच्या दामांबद्दल तिने अक्षर लिहिलेले नाही.

आता पुन्हा कवडीकडे वळू. तिच्यासारखे बिनतोड नाणे माणसाला घडवता आले नाही. ती गंजत नाही, सहसा फुटत नाही आणि तिची नक्कल करणे तिच्या किमतीला परवडत नाही. मालदीव बेटांभोवतालच्या समुद्रातून ती निघे. आतला जीव कुजून जाईपर्यंत तिला वाळूत पुरत आणि मग गलबते भरून बंगालकडे पाठवीत. बदल्यात तांदूळ येई. चौदाव्या शतकात मालदीवात काही काळ काजी असलेल्या इब्न बतूताने हा व्यापार पाहिला होता. बंगाल-ओरिसात हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन आणि चार काहनांचा एक रुपया. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या! यातला 'काहन' म्हणजे आपल्या जुन्या 'कार्षापणा'चाच झिजलेला शब्द.

ओरिसा १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तिथला रयतेचा व्यवहार कवड्यांत चाले आणि साराही कवड्यांत भरता येई. १८०३ साली प्रांत कंपनीकडे गेला, आणि पुढे सारा चांदीच्या रुपयांतच भरा, असा हुकूम निघाला. कवडी तीच होती, मोजणारे हात तेच होते. फक्त कचेरीने ती घेण्याचे नाकारले. शेतकऱ्याला सावकाराकडे जाऊन रुपया विकत घ्यावा लागला, आणि चार काहनांचा रुपया सहा-सात काहनांना पडू लागला. सारा कागदावर तेवढाच राहिला आणि झोपडीत दीडपट झाला. त्यात मिठाचा मक्ता सरकारने घेतला, जमिनी लिलावात निघाल्या. १८१७ साली खुर्द्याचे पाईक बक्षी जगबंधूच्या मागे उठले, त्या उठावाच्या कारणांत ही कवडीही आहे. 'कवडीमोल' हा शब्द आपण किती सहज वापरतो. ओरिसातल्या कित्येक घरांची मडक्यात साठवलेली पुंजी त्या काही वर्षांत अक्षरशः तशी झाली.

संग्राहकाची अडचण इथेच सुरू होते. शिशाच्या नाण्यावर निदान हत्ती असतो, भोकाच्या पैशावर साल असते. कवडीवर राजाचे नाव नाही की टाकसाळीचे चिन्ह नाही. मडक्यात पुरलेला साठा जसाच्या तसा सापडला तर गोष्ट वेगळी. एरवी जुन्या बाजारात हाती आलेली मूठभर कवडी तुळजापूरच्या आराध्याच्या माळेतून ओघळलेली, की सारीपाटावर खुळखुळलेली, की कटकच्या कचेरीतून परत पाठवलेली, हे ओळखण्याची युक्ती कुणाजवळ नाही. दुकानदार तिन्हींचा भाव सारखाच सांगतो.